लव्हलेटर ते लग्नपत्रिका

२०२५ च्या मे महिन्यात, एका दुपारी, मामांचा फोन आला. मामा रविवार सकाळ सोडून कधी फोन करत नाहीत, म्हणून मीटिंगमधून उठून उचलला.

"अरं, चेअरमनच्या पोराची पत्रिका आलीय व्हॉट्सअ‍ॅपवर. उघडंना झालीय. नुसतं इन्स्टॉल करा, इन्स्टॉल करा म्हणतंय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"केलं की इन्स्टॉल. तरी पत्रिका दिसंना."

संध्याकाळपर्यंत मामांच्या खात्यातून तीन वेळा मिळून ९४ हजार रुपये गेले होते. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी अक्षरं होती, म्हणजे ती पत्रिका नव्हती, अ‍ॅप होतं. त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, मामांनी दिली. बँकेचे ओटीपी फोनवर येत राहिले आणि तिकडे कुणीतरी ते वाचत राहिलं. विकास सोसायटीच्या चेअरमनच्या मुलाचं लग्न खरोखर ठरलेलं होतं, पण पत्रिका अजून छापायलाही गेली नव्हती. चेअरमनचा व्हॉट्सअ‍ॅपच आदल्या दिवशी कुणाच्या तरी ताब्यात गेला होता. १९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली, थोडी रक्कम मध्येच कुठेतरी अडकवून ठेवता आली. बाकीची गेली.

त्या रात्री आई मला म्हणाली, "एवढं कॉम्प्युटरचं शिकलास, मामाला एक गोष्ट सांगता आली नाही?" मी तेव्हा जरा चिडून उत्तर दिलं. पण नेमकी कोणती एक गोष्ट सांगायची होती, हे मलाच माहीत नव्हतं. ते शोधताना मी मागे मागे गेलो आणि मनिलात पोहोचलो. तारीख होती ४ मे २०००.

त्या दिवशी सकाळी आशियातल्या ऑफिसांमध्ये एक ईमेल येऊ लागलं. विषय: 'आय लव्ह यू'. आत एकच ओळ, सोबतचं प्रेमपत्र वाचावं अशी विनंती करणारी. खाली फाइल जोडलेली, 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी'. पाठवणारा ओळखीचा, कधी साहेब, कधी शेजारच्या टेबलावरची बाई, कधी तीन वर्षांपूर्वी एकदाच भेटलेला सप्लायर. हाँगकाँगमधली ऑफिसं उघडली तेव्हा तिथे, मग सूर्याबरोबर पश्चिमेला युरोपात, मग अमेरिकेत. जिथे जिथे लोक कामावर येऊन मेल उघडत गेले तिथे तिथे ते पसरत गेलं. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने आपली ईमेल यंत्रणा बंद केली. पेंटागॉनलाही झळ बसली. नुकसानीचे आकडे अब्जावधी डॉलर्समध्ये सांगितले जातात. असे आकडे कसे काढतात हे आयटीत काम करत असल्याने मला थोडंफार माहीत आहे, म्हणून त्यांच्यावर मी फार भर देणार नाही. पण एका दिवसात जगभर पोहोचलेली ही पहिल्या काही गोष्टींपैकी एक होती, एवढं नक्की.

आता त्या फाइलचं पूर्ण नाव सांगतो: 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. शेवटची तीन अक्षरं म्हणजे व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट, म्हणजेच प्रोग्राम. पण विंडोजमध्ये मुळातच अशी सोय होती (सोय हा त्यांचा शब्द) की ओळखीच्या प्रकारच्या फाइलचं शेपूट दाखवायचं नाही. सामान्य माणसाला ती अक्षरं कशाला, असा विचार. त्यामुळे बहुतेकांना दिसलं ते फक्त 'टीएक्सटी', साधा मजकूर. त्यात अशा स्क्रिप्टचं चित्रही गुंडाळी केलेल्या कागदासारखं होतं. डबल क्लिक केलं की पत्र उघडायचं नाही, प्रोग्राम चालायचा.

तो प्रोग्राम मी पूर्ण वाचला आहे. आज तो सहज मिळतो आणि तीनेकशे ओळींचा आहे. नुकताच कोडिंग शिकलेला मुलगा लिहील तसाच. पहिल्या ओळीतच लिहिणाऱ्याने शाळेत जायचा आपल्याला तिटकारा आहे असं नोंदवून ठेवलंय. तो आउटलुकची पत्त्यांची वही उघडतो आणि तिच्यातल्या प्रत्येकाला स्वतःची प्रत पाठवतो. त्याच्या वर्षभर आधी, मार्च १९९९ मध्ये, अमेरिकेत आलेला 'मेलिसा' पहिल्या ५० पत्त्यांवर थांबायचा. हा थांबत नव्हता. मग तो डिस्कवरच्या फाइली शोधत फिरतो. जेपीजी फोटो सापडला की त्याच्या जागी स्वतःचाच मजकूर लिहितो. म्हणजे फोटो गेला, कायमचा. एमपीथ्री गाणं सापडलं तर मात्र ते नुसतं लपवतो, पुसत नाही. हे वाचताना मी थांबलो होतो. फोटोंची दया आली नाही आणि गाण्यांची आली, असा हा पोरगा कोण असेल?

त्याचं नाव ओनेल डी गुझमन. वय २३-२४, मनिलातल्या एएमए कॉम्प्युटर कॉलेजचा विद्यार्थी. त्याने प्रबंधासाठी एक प्रस्ताव दिला होता: दुसऱ्यांच्या इंटरनेटचा पासवर्ड चोरून आणणारा प्रोग्राम. कॉलेजने तो नाकारला. हे बेकायदा आहे, आम्ही इथे घरफोडे तयार करत नाही, अशा अर्थाचे शेरे मारून. पण ते बेकायदा नव्हतं. फिलिपिन्समध्ये तेव्हा त्यासाठी कायदाच नव्हता.

११ मे २००० ला तो पत्रकारांसमोर आला, डोळ्यांवर गॉगल, तोंडावर रुमाल. माझ्याकडून चुकून सुटला असू शकेल, एवढंच म्हणाला. ऑगस्टमध्ये सरकारला खटला सोडून द्यावा लागला. जून २००० मध्ये त्यांनी घाईने ई-कॉमर्सचा कायदा केला, पण तो मागच्या तारखेपासून लावता येईना. योगायोग असा की आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यावर राष्ट्रपतींची सही त्याच महिन्यात, ९ जूनला झाली आणि तो १७ ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमात कॉम्प्युटर व्हायरसचा स्पष्ट उल्लेख आहे. महिनाभर आधी हे मनिलाऐवजी मुंबईत घडलं असतं तर आपल्या पोलिसांचीही पंचाईत झाली असती.

वीस वर्षांनी जेफ व्हाइट या ब्रिटिश पत्रकाराने त्याला शोधून काढलं. मनिलातल्या एका बाजारात तो मोबाइल दुरुस्तीचा छोटा स्टॉल चालवत होता. तेव्हा त्याने कबूल केलं की तो व्हायरस माझाच. कारणही सांगितलं. डायल-अप इंटरनेट महाग होतं, परवडत नव्हतं, म्हणून दुसऱ्यांचे पासवर्ड हवे होते. आधी तो चॅटवर एकेकाला गाठून फाइल द्यायचा. मग त्याने ती स्वतःहून पसरेल अशी केली आणि नाव असं दिलं की कुणालाही उघडावीशी वाटेल. प्रेम कुणाला नको असतं, हा त्याचा हिशोब. पहिली प्रत सिंगापूरमधल्या एकाला पाठवली आणि मित्राबरोबर प्यायला गेला. पुढे काय झालं ते त्याला आईकडून कळलं, पोलीस कुणा हॅकरला शोधतायत म्हणून.

जगाच्या नुकसानीचा विषय बाजूला ठेवला तर मला यातलं सगळ्यात जवळचं वाटलं ते डायल-अपचं बिल. माझ्या पिढीने वायफाय शेजाऱ्याकडून उसनं घेतलंय.

पण मला प्रश्न पडला की २००० साली लोकांच्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस नव्हते का? होते. ऑफिसांत तर सर्रास होते. मग?

उत्तरासाठी आणखी मागे, फ्लॉपीच्या काळात जावं लागतं. १९८६ मध्ये लाहोरमधल्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' लिहिला. पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस म्हणून तो ओळखला जातो. कॉम्प्युटर सुरू होताना ड्राइव्हमध्ये फ्लॉपी असली तर तिचा पहिला तुकडा, बूट सेक्टर, आधी वाचला जायचा. ब्रेन तिथे जाऊन बसायचा. मूळ बूट सेक्टर दुसरीकडे हलवायचा आणि ती जागा 'खराब' म्हणून नोंदवायचा. कुणी बूट सेक्टर तपासायला गेलंच तर हा पुढे होऊन मूळची प्रत दाखवायचा, म्हणजे सगळं ठीकच दिसणार. त्यात भावांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घालून ठेवला होता. लस हवी असेल तर संपर्क साधा! आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांना धडा शिकवायचा होता, असं त्यांचं म्हणणं. मग अमेरिकेतून लाहोरला फोन यायला लागले.

ब्रेन फ्लॉपीबरोबर चालायचा, म्हणजे माणसाच्या खिशातून. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला आठवडे, महिने लागायचे. तेवढ्या वेळात कुणीतरी तो पकडायचं, त्याची तपासणी करायचं आणि त्यातला असा एक तुकडा शोधायचं जो दुसऱ्या कुठल्याच प्रोग्राममध्ये सापडणार नाही. अँटीव्हायरस म्हणजे अशा तुकड्यांची यादी. पोलीस चौकीत सराईत चोरांचे फोटो लावतात तशी. यादीतलं काही डिस्कवर सापडलं की पकड. नवी यादीही फ्लॉपीवरूनच यायची, आणि व्हायरसचाच वेग तेवढा असल्याने ते पुरायचं.

या कथेत पुणेही आहे. दहावीनंतर शिक्षण थांबलेले कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी मशीनमध्ये बिघाड नसायचाच, व्हायरस असायचा. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. ते एकेका व्हायरससाठी छोटे छोटे प्रोग्राम लिहू लागले. त्या काळात मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसचा गाजावाजा होता. दरवर्षी ६ मार्चला, म्हणजे त्या कलाकाराच्या वाढदिवशी, तो हार्डडिस्कच्या सुरुवातीच्या भागावर भलतंच काहीतरी लिहायचा. १९९२ मध्ये लाखो कॉम्प्युटर जाणार अशा बातम्या होत्या, प्रत्यक्षात काही हजार गेले. वाचायचा एक उपाय असाही सांगितला जात होता की ५ मार्चला घड्याळ पुढे करून ७ मार्च लावा. काटकर बंधूंच्या त्या छोट्या प्रोग्रामांतून क्विक हील उभं राहिलं. १९९५ मध्ये कंपनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस नावाने नोंदली गेली, २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात आली. लाहोरमध्ये दोन भाऊ व्हायरस लिहितात आणि पुण्यात दोन भाऊ त्यावरचं औषध, हे कुणी कथेत लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

तर, ४ मे २००० ला अँटीव्हायरस होते, पण यादीत हा चोर नव्हता. कंपन्यांनी काही तासांत त्याचा तुकडा शोधून यादी सुधारली. पण लव्हलेटरला जग फिरायला तेवढेच तास लागले. नवी यादी घ्यायला सगळे एकदम धावल्यावर ती मिळेना. शिवाय तो साधी मजकुराची फाइल असल्याने कुणीही उघडून दोन शब्द बदलू शकत होतं, की झाला नवा व्हायरस. थोड्याच दिवसांत त्याचे कितीतरी अवतार आले. एक मदर्स डेच्या खरेदीची पावती होता. एक तर 'धोकादायक व्हायरसपासून सावध राहा, माहितीसाठी सोबतचं चित्र पाहा' असं सांगणारा होता. सावध लोकांनी तो उघडला. फेब्रुवारी २००१ मध्ये नेदरलँड्समधल्या एका विशीतल्या मुलाने तयार कारखान्यातून काढावा तसा व्हायरस काढला आणि टेनिसपटू आना कोर्निकोव्हाच्या फोटोचं नाव दिलं: 'जेपीजी.व्हीबीएस'. युक्ती तीच, शेपूट तेच. नऊ महिन्यांत लोक विसरले होते.

मला या सगळ्यात मायक्रोसॉफ्टचा राग येतो. त्यांनी काहीच केलं नाही असं नाही. जून २००० मध्येच आउटलुकसाठी सुधारणा आली: अशा प्रकारच्या फाइली उघडूच द्यायच्या नाहीत, आणि एखादा प्रोग्राम पत्त्यांच्या वहीला हात लावायला लागला की माणसाला विचारायचं. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्सनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सांगितलं की नवीन सोयी आणि सुरक्षा यात निवड करायची झाली तर सुरक्षा निवडा. २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने फायरवॉल आपोआप चालू ठेवली. घरच्या कॉम्प्युटरचं संरक्षण जेवढं या एका बदलाने झालं तेवढं शंभर सूचनाफलकांनी झालं नसेल. पण इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो, ज्यांच्या जोरावर १९९९ मध्ये मेलिसा पसरला, ते ऑफिसने आपणहून अडवायला २०२२ उजाडावं लागलं. आणि फाइलचं शेपूट? विंडोज ११ मध्येही ते मुळात लपवलेलंच असतं. आत्ता घरी लॅपटॉप असेल तर पाहा. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. अर्धं मिनिट लागतं.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो असेंबल केलेला, मी शाळेत असताना. इंटरनेट नव्हतं. होता तो पेनड्राइव्ह, आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान. तिथे प्रिंट काढून पेनड्राइव्ह घरी आणला की त्यात 'न्यू फोल्डर' नावाचा एक पिवळा फोल्डर जास्तीचा दिसायचा. मी तो उघडला, कारण फोल्डर उघडण्यासाठीच असतो. तो फोल्डर नव्हता, फोल्डरचं चित्र लावलेला प्रोग्राम होता. शेवटची 'ईएक्सई' ही अक्षरं विंडोजने लपवली होती. त्यानंतर टास्क मॅनेजर उघडेना. दुरुस्तीवाला आला, त्याने दोन मिनिटं पाहिलं आणि "फॉरमॅट मारायला लागेल" हे त्या दशकातलं सगळ्यात जास्त वेळा म्हटलं गेलेलं वाक्य म्हटलं. आजोबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो त्याच डिस्कवर होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. वडिलांनी मला काही बोललं नाही, पण पुढे बरेच दिवस पाहुणे आले की ते म्हणायचे, फोटो होते, आमच्याकडे होते.

म्हणून लव्हलेटरने फोटो पुसले हे वाचताना मला अब्जावधी डॉलरचं काही वाटलं नाही. दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवणे आणि ती डिस्क काम झाल्यावर कॉम्प्युटरपासून सोडवून ठेवणे, हे मी तेव्हापासून करतो. इतर सगळ्या उपायांबद्दल माझा विश्वास कमी-जास्त होतो, याबद्दल नाही.

बाकी मी फार शहाणा आहे असं नाही. दोन वर्षांपूर्वी ऑफिसने आम्हा सगळ्यांना खोटं ईमेल पाठवून परीक्षा घेतली. विषय होता सुधारित पगारपत्रक. मी क्लिक केलं. मला लिंक तपासता येते, पाठवणाऱ्याचा पत्ता उलगडून पाहता येतो, तो खरा आहे का हे सर्व्हरच्या नोंदीतून काढता येतं. एप्रिल महिना होता आणि मला पगारवाढीची वाट पाहायची होती, एवढंच. शिक्षा म्हणून चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाहावा लागला. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असलेल्या मेलपासून सावध राहा असं सांगितलं होतं. मला आलेल्या मेलमध्ये एकही चूक नव्हती.

मामांकडे गेलो तेव्हा आधी त्यांचा फोन पुसून काढला. मग अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करायची परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर, फाइल मॅनेजर, सगळ्यांची एकेक करून काढली. व्हॉट्सअ‍ॅपला दोन टप्प्यांचा पिन लावला. बँकेत जाऊन रोजची मर्यादा खाली आणली. हे सगळं चाळीस मिनिटांत झालं. मग मामांना समजावायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की आईला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आता माझ्याकडे आहे. फाइल दोन प्रकारची असते: वाचायची आणि चालणारी. पत्र, फोटो, पत्रिका वाचायची असते. तिने 'इन्स्टॉल करू का' असं विचारलं की ती पत्रिका नाही, मग पाठवणारा सख्खा भाऊ का असेना.

मामा ऐकत होते. मग म्हणाले, "मग विचारतंय तरी कशाला? चोर काय दार वाजवून येतो व्हय?"

मी म्हटलं, "चोर नाही विचारत, फोन विचारतो. चोराला आत घेऊ का म्हणून."

"तसं मराठीत लिवायचं की मग. 'अननोन सोर्स' म्हंजे मला काय कळणार? मला वाटलं पत्रिका बघायला बटन दाबायला लागतंय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ज्या प्रकारच्या खोल्यांत बसून काम करतो तिथेच असल्या वाक्यांची शब्दरचना ठरते, आणि तिथे मामांसारखं कुणी बसलेलं नसतं.

आता मामा येणारी प्रत्येक गोष्ट मला पाठवतात. वीजबिलाचा मेसेज, पीएम किसानच्या नावाने आलेली लिंक, गुड मॉर्निंगचं चित्र. खाली एकच प्रश्न: "उघडू का?" नोव्हेंबरमध्ये माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं. मावशीने खरीखुरी पत्रिका, साधी पीडीएफ, सगळ्या नातेवाइकांना पाठवली. मामांनी ती मला पुढे पाठवली आणि नेहमीचा प्रश्न विचारला. त्या आठवड्यात माझं रिलीज होतं, तीन दिवस मी व्हॉट्सअ‍ॅप पाहिलं नाही. मामांनी पत्रिका उघडली नाही. हळद आदल्या दिवशी संध्याकाळी आहे हे त्यांना कळलंच नाही, ते थेट लग्नाला आले. मावशी अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.